मिर्रीखहून आलेली तार

आमच्या घरात एक गोष्ट ईद-बकरीदला, लग्नकार्यात किंवा चार पाहुणे जमले की हटकून निघत असे. मंगळ ग्रहावरून आलेली पहिली तार हिंदुस्थानात आमच्या दादांनी घेतली, तीही गोंदिया जंक्शनवर! फूफी ही गोष्ट सांगताना बोटांनी पाटावर कट्ट-कडकट्ट असा आवाज काढून दाखवीत. आम्हा भावंडांना या गोष्टीचा एवढा अभिमान होता की, तिच्यावरून शाळेत भांडणे झाली आणि एकदा तर आमच्या धाकट्या भावाचा सदरा फाटला.

पुढे आम्ही बी.एड. केले आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवू लागलो. एका वर्षी मुलांना इतिहासाचा उपक्रम दिला. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून एक आठवण लिहून आणायची. नमुना म्हणून आम्ही मोठ्या ऐटीत आमच्या दादांची गोष्ट सांगितली. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारले, “इसका सबूत क्या है?” वर्ग हसला. आम्हीही हसलो. पण घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. इतिहासात पुरावा लागतो हे तिला आम्हीच शिकवले होते. मग आम्ही आमच्याच घरापासून शोध सुरू केला. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो आहोत.

दादा रेल्वेत तारबाबू होते. गोंदिया तेव्हा जिल्हा नव्हता, भंडारा जिल्ह्यातील एक तालुका होता. धानाच्या गिरण्या, बिडीचे कारखाने, तेंदूपत्ता आणि जंक्शन ही गावाची ओळख. मुंबई-हावडा मोठी लाईन आणि बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी छोटी लाईन येथे भेटत. कागदोपत्री दक्षिण-पूर्व रेल्वे झाली तरी जुनी माणसे बी.एन.आर.च म्हणत. दादांचे काम मोर्सच्या यंत्रावर. कोणती गाडी सुटली, किती रिकामे डबे हवेत, कोणते इंजिन बिघडले, असे निरोप रात्रभर येत आणि जात. दादी घरी बिड्या वळीत. घरात एक रेडिओ होता. त्याच्या परवान्याचे पुस्तक दादा निकाहनाम्याइतके जपून ठेवीत.

आता मंगळाकडे वळू. उर्दूत मंगळाला मिर्रीख म्हणतात, शुक्राला जोहरा, गुरूला मुश्तरी आणि शनीला जुहल. ग्रहाला शब्द आहे सय्यारा, म्हणजे फिरणारा. जुन्या फारसी-उर्दू शायरीत मिर्रीख हा आकाशाचा जल्लाद. मराठी घरांतही मंगळाची धास्ती काही कमी नाही. मुलीच्या पत्रिकेत मंगळ निघाला की आईबापांची झोप उडते. थोडक्यात, दोन्ही भाषांत हा तांबडा तारा बदनामच होता. त्याच्याविषयीची पहिली जवळून मिळालेली खबर आणली ती मरिनर-४ या अमेरिकी यानाने.

मरिनर-४ नोव्हेंबर १९६४ मध्ये निघाले आणि भारतीय वेळेप्रमाणे १५ जुलै १९६५ च्या सकाळी मंगळापासून सुमारे दहा हजार किलोमीटरवरून पुढे निघून गेले. जाता जाता त्याने एकवीस पूर्ण चित्रे आणि बाविसाव्याचा एक तुकडा टिपला. यानात माणूस नव्हता. चित्रे फितीवर साठवायची आणि मग रेडिओ लहरींनी पृथ्वीकडे पाठवायची, अशी सोय होती. प्रक्षेपकाची शक्ती होती अवघी १० वॅट आणि अंतर वीस कोटी किलोमीटरहून अधिक. लहर पोहोचायलाच बारा मिनिटे लागत.

चित्र येई ते आकड्यांच्या रूपात. आडवे २०० ठिपके, उभे २०० ठिपके. प्रत्येक ठिपका किती काळा, किती पांढरा, हे सांगायला शून्य-एकच्या सहा खुणा. म्हणजे एका चित्राला २,४०,००० खुणा. यान सेकंदाला साधारण सव्वाआठ खुणा पाठवीत होते. हे गणित आम्ही वर्गात फळ्यावर करून घेतले. उत्तर आले सुमारे आठ तास. एका काळ्या-पांढऱ्या चित्राला एक पूर्ण पाळी!

चांगला तारबाबू मिनिटाला वीसेक शब्द पाठवीत असे. ठिपके आणि रेघांच्या मापाने मोजले तर त्याचा हात मरिनरपेक्षा दुप्पट वेगाने चालत होता. हे ऐकून अब्बांना फार आनंद झाला. ते म्हणाले, “मतलब दादा मिर्रीखवाले से तेज थे!”

आणखी एक हकीकत मुलांना फार आवडली. कॅलिफोर्नियातील पासाडेना येथे यानाच्या प्रयोगशाळेत पहिल्या चित्राचे आकडे येऊ लागले. यंत्राने ते चित्र तयार करीपर्यंत तेथल्या इंजिनिअरांना धीर धरवेना. त्यांनी आकडे छापलेल्या कागदाच्या पट्ट्या एका फळीवर जोडल्या, दुकानातून रंगीत खडू आणले आणि कोणत्या आकड्याला कोणता रंग हे ठरवून हातानेच मंगळ रंगवला. आपल्या बालवाडीत मुले रंगवतात तसाच. चित्रांत काय निघाले? कालवे नाहीत, शेते नाहीत, माणसे नाहीत. चंद्रावर असतात तशी विवरे. पाऊणशे वर्षे लोकांनी मंगळावर जे कालवे कल्पिले होते ते एका आठवड्यात पुसले गेले.

मग आमच्या दादांच्या तारेचे काय? सरळ उत्तर असे की, मंगळाची तार गोंदियाला येण्याचे काही कारणच नव्हते. ज्या यंत्रावर दादा बसत त्याच्यावर गाड्यांचे निरोप येत, जगाच्या बातम्या नव्हेत. आम्ही हे अब्बांना सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत. फूफींना सांगितले तेव्हा त्या रागावल्या. “पढ़-लिख के बाप-दादा को झूटा बनाते हो?” असे त्या म्हणाल्या. तो वार जिव्हारी लागला. आम्ही शोध तेथेच थांबवणार होतो.

पण दादीच्या लोखंडी पेटीत दादांची एक वही सापडली. निळ्या पुठ्ठ्याची, रेल्वेच्या जुन्या कागदांवर शिवलेली. तिच्यात उधारीचे हिशेब आहेत, इंग्रजी शब्दांचे उर्दू अर्थ आहेत आणि मध्येमध्ये वृत्तपत्रांची कात्रणे खळीने चिकटवली आहेत. नागपूरहून गाडीने येणारी वृत्तपत्रे स्टेशनवर वाचून झाली की दादा त्यांतले हवे ते कापून आणीत. एका पानावर जुलै १९६५ असे लिहिले आहे. कात्रण मरिनरचे आहे आणि त्याच्यावर दादांच्या सुंदर नस्तालीक अक्षरात तीन शब्द आहेत, “मिर्रीख से तार”.

बस्स, गोष्ट येथून निघाली. दादांनी ते शीर्षक दिले होते. ज्याला आयुष्यभर दुरून आलेले ठिपके-रेघा वाचायची सवय होती त्याला मंगळाची बातमी तार वाटली, यात नवल नाही. मुलांनी ते शब्द वाचले, मुलांच्या मुलांनी ऐकले आणि शीर्षकाची घटना झाली. दादा खोटे बोलले नव्हते. आम्ही चुकीचे ऐकले होते. फूफींना वही वाचून दाखवली तेव्हा त्यांनी त्या अक्षरावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “तो फिर यही लिखो.” म्हणून हे लिहितो आहोत.

वहीत पुढचे मंगळाचे पान नोव्हेंबर १९७१ चे आहे. मरिनर-९ हे यान त्या महिन्याच्या मध्यास मंगळाभोवती फिरू लागले. दुसऱ्या ग्रहाभोवती फिरणारे ते मानवाचे पहिले यान. पण ते पोहोचले तेव्हा सगळा ग्रह धुळीच्या वादळाने झाकला होता. खाली काही दिसेना. यान फिरत राहिले, थांबून राहिले. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला धूळ बसली तेव्हा सूर्यमालेतील सर्वांत मोठा ज्वालामुखी आणि हजारो किलोमीटर लांबीची दरी दिसली.

तो रमजानचा महिना होता. ईद नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली. अब्बा तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होते. मोहल्ल्यातील सगळे मग्रिबनंतर पश्चिमेला ईदचा चांद शोधत होते. चांद दिसला, गळाभेटी झाल्या. मग दादांनी मुलांना खांद्याला धरून दक्षिणेकडे वळवले आणि वर चमकणारा तांबडा मिर्रीख दाखवला. “तिथे आत्ता आंधी सुरू आहे आणि एक मशीन ती थांबायची वाट पाहत आहे,” असे ते म्हणाल्याचे अब्बांना आठवते. आम्ही ही आठवणही तपासली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये मंगळ पृथ्वीच्या फार जवळ आला होता आणि नोव्हेंबरच्या संध्याकाळी तो दक्षिणेला बराच वर दिसत होता. अब्बांची आठवण खरी निघाली. एक गोष्ट खोटी निघाली म्हणून सगळ्याच खोट्या ठरत नाहीत, हेही आम्हाला शिकायला मिळाले.

२ डिसेंबर १९७१ रोजी सोव्हिएत रशियाचे मार्स-३ मंगळावर अलगद उतरले. असे उतरणारे ते पहिले. सुमारे वीस सेकंद त्याने संदेश पाठवला आणि ते कायमचे मुके झाले. दुसऱ्याच दिवशी, ३ डिसेंबरच्या संध्याकाळी, भारत-पाकिस्तान युद्ध सुरू झाले.

दादांना रात्री पाळीवरून आल्यावर रेडिओवर लंडन आणि मॉस्कोची उर्दू प्रसारणे शोधायची सवय होती. ग्रहांच्या खबरा तेथे मिळत. युद्धाच्या त्या दिवसांत एका संध्याकाळी ओळखीचा एक माणूस दारात येऊन उभा राहिला आणि हसत हसत विचारू लागला, “बाबूजी, रात को कौन सा स्टेशन लगाते हो?” दादांनी त्याला आत बोलावले, चहा दिला, रेडिओ लावून दाखवला. काटा लंडनवर होता. तो माणूस चहा पिऊन गेला. दुसऱ्या दिवसापासून दादांनी रेडिओ बाहेर ओसरीवर ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात आकाशवाणीच्या बातम्या लागू लागल्या. मोहल्ल्यातले आणि बाजूच्या आळीतले लोक तेथे बसून ऐकत. १६ डिसेंबरला ढाक्यातील शरणागतीची बातमी आली तेव्हा ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. दादी सांगत की, त्या दिवशी गुळाचा चहा दोनदा करावा लागला.

या प्रसंगाबद्दल दादा पुढे कधी कडवटपणे बोलले नाहीत. पण वहीत नोव्हेंबरच्या कात्रणानंतरची पाने कोरी आहेत. मार्स-३ बद्दल एक अक्षर नाही. जो माणूस मंगळावरच्या धुळीची खबर ठेवीत होता त्याने डिसेंबरभर काटा फिरवला नाही. इतिहासाचा पुरावा कधीकधी कोऱ्या पानातही असतो.

पुढचे पान जुलै १९७६ चे. व्हायकिंग-१ हे यान २० जुलैला मंगळावर उतरले आणि त्याने तेथून चित्रे पाठवली, मातीत जीव आहे का याचे प्रयोग केले. काही प्रयोगांची उत्तरे गोंधळात टाकणारी आली, पण जिवंत सृष्टीचा पक्का पुरावा मिळाला नाही. तो आणीबाणीचा काळ होता. वृत्तपत्रांवर बंधने होती. त्यामुळे असल्या निरुपद्रवी बातम्यांना जागा मिळत असावी, असा अब्बांचा तर्क आहे. घरात मात्र त्या वर्षाची आठवण व्हायकिंगची नाही, नसबंदीच्या धास्तीची आहे. किती मुले आहेत याची चौकशी होई आणि दादी दारावर कोण आले हे आधी फटीतून पाहत.

त्या पानावर दोन कात्रणे शेजारी शेजारी आहेत. पहिल्याखाली दादांनी लिहिले आहे, “गलत”. दुसऱ्याखाली, “सही”. आम्हाला आधी अर्थ लागेना. मग कळले. व्हायकिंगचे पहिले रंगीत चित्र दाखवले गेले तेव्हा मंगळाचे आकाश आपल्यासारखे निळसर दिसत होते. नंतर शास्त्रज्ञांनी रंगांचा मेळ पुन्हा तपासला आणि जाहीर केले की, आमची चूक झाली. हवेतल्या तांबड्या धुळीमुळे तेथील आकाश गुलाबीसर आहे. जगासमोर मांडलेली चूक त्यांनी लगेच जगासमोर दुरुस्त केली. दादांना यानाच्या उतरण्यापेक्षा ही दुरुस्ती अधिक मोलाची वाटली असावी. तारेच्या कामात एक अक्षर चुकले तर गाडीचा घोटाळा होतो. चूक झाली की तार पुन्हा पाठवायची, हा त्यांच्या धंद्याचा नियम होता.

आम्ही आमच्या उपक्रमात मोहल्ल्यातील इतर वृद्धांनाही विचारले. मंगळाचे नाव काढले की बहुतेकांना आठवली ती ‘स्कायलॅब’. जुलै १९७९ मध्ये ही अमेरिकी अंतराळ प्रयोगशाळा पृथ्वीवर कोसळणार म्हणून देशभर घबराट झाली होती. आमच्याकडे काहींनी कोंबड्या कापून खाल्ल्या, मरायचेच आहे तर उपाशी का, म्हणून. तिचे तुकडे पडले हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात. मंगळावर गेलेली याने कोणाच्या लक्षात राहिली नाहीत, डोक्यावर पडेल अशी भीती घालणारी राहिली. लोकांची आठवण अशीच असते. जे घराच्या कौलांशी येऊन भिडते तेच ती जपते.

आणि एक अफवा तर आजही वर्गात ऐकू येते की, नील आर्मस्ट्राँगला चंद्रावर अजान ऐकू आली आणि तो मुसलमान झाला. ही गोष्ट अनेक मुस्लिम देशांत फिरली. आर्मस्ट्राँगने ती नाकारली आणि १९८३ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आपल्या वकिलातींना तसे कळवलेही. चंद्रावर हवाच नाही, तर आवाज कसा जाईल? मुलांना हे सांगताना काही पालक नाराज होतात. आम्ही त्यांना आमच्या घरातील तारेची गोष्ट सांगतो. आपल्या घरची खोटी फुशारकी आधी सोडली की दुसऱ्याला सांगायला तोंड राहते. आपला दीन अशा वावड्यांच्या आधारावर उभा नाही.

जुलै १९९७ मध्ये पाथफाइंडर यान हवेच्या फुग्यांवर उसळ्या घेत मंगळावर उतरले आणि त्यातून सहा चाकांची छोटी गाडी बाहेर पडली. ती आम्ही दादांच्या शेजारी बसून दूरदर्शनवर पाहिली. दादा निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती, नजर अधू झाली होती. त्यांनी विचारले, “पटरी आहे का?” आम्ही म्हटले, “नाही दादा, पटरीशिवाय चालते.” त्यांना ते काही पटले नाही. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा झाला, तेव्हा ते होते. भारताचे यान मंगळावर जाईपर्यंत मात्र ते राहिले नाहीत.

१४ जुलै २०१३ च्या रात्री देशातील सार्वजनिक तारसेवा बंद झाली. मरिनर-४ मंगळाजवळून गेले त्याला त्याच रात्री अठ्ठेचाळीस वर्षे पूर्ण झाली, हे आम्हाला नंतर वहीमुळे कळले. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला श्रीहरिकोट्याहून मंगळयान निघाले. खर्च सुमारे ४५० कोटी रुपये. त्याला नेणाऱ्या अग्निबाणाच्या कामात विक्रोळी आणि वालचंदनगरच्या कारखान्यांतील कामगारांचाही हात होता. तीनशे दिवस झोपलेले मुख्य इंजिन २४ सप्टेंबर २०१४ च्या सकाळी पुन्हा पेटवायचे होते. सुमारे २४ मिनिटे ते जळाले नाही तर यान मंगळाला सोडून निघून जाणार होते.

अब्बा फजरची नमाज पढून टीव्हीसमोर बसले. राईस मिलमध्ये मुनीमकी करणारा माणूस, पण त्या दिवशी कामाला उशिरा जातो म्हणून कळवून ठेवले होते. यान मंगळाच्या मागे गेले आणि संदेश तुटला. तेथून लहर यायला साडेबारा मिनिटे, म्हणजे १९६५ मध्ये लागत होती जवळजवळ तेवढीच. वेग वाढला, यंत्रे बदलली, पण वाट पाहणे तेच राहिले. आठच्या सुमारास बंगळुरूच्या केंद्रात सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. अब्बांनी डोळे पुसले आणि दादांचा शब्द उच्चारला, “लाइन क्लिअर.”

पहिल्याच प्रयत्नात मंगळाभोवती यान पोहोचवणारा भारत हा पहिला देश. सहा महिन्यांसाठी बनवलेले ते यान सात वर्षांहून अधिक काळ चालले. एप्रिल २०२२ मध्ये त्याचा संपर्क तुटला. दरम्यान फेब्रुवारी २०२१ मध्ये अरब अमिरातीचे ‘अल-अमल’, म्हणजे आशा, हे यानही मिर्रीखभोवती फिरू लागले होते.

त्या सकाळी आम्ही शाळेत गेलो तेव्हा मुले विचारीत होती, “अपना यान पहुँच गया?” त्या ‘अपना’ या शब्दाने आम्हाला ओसरीवर ठेवलेला रेडिओ आठवला. दादांना जे दाखवून द्यावे लागले ते या मुलांनी सहज म्हटले. ते त्यांना नेहमी असेच सहज म्हणता यावे, एवढीच इच्छा आहे.

दादांची वही आता आमच्याकडे आहे. कोरी पाने आम्ही तशीच ठेवली आहेत. शेवटच्या पानावर फक्त एक ओळ उर्दूत आणि एक मराठीत लिहिली आहे, ‘मंगळाची तार गोंदियाला आली नव्हती. दादांनी ती वृत्तपत्रातून कापून घरी आणली होती.’ वाचकांच्या घरीही अशी एखादी पेटी असेल, एखादी फूफी असेल. त्या आहेत तोवर विचारून घ्या आणि मग नीट तपासून लिहून ठेवा.